डिजिटल हक्कासाठी भांडायचं तर कागद हातात हवा

नागपुरात सक्करदऱ्यातल्या एखाद्या किराणा दुकानदाराचं बँक खातं अचानक गोठतं, कारण दुसऱ्या राज्यात कुणाची तरी फसवणूक झाली आणि त्या पैशातले चारशे रुपये तीन खात्यांतून फिरत त्याच्या क्यूआर कोडवर आले. वाडीच्या गोदामात काम करणारा पोरगा ॲपवरून आठ हजार उचलतो, हप्ता दोन दिवस थकतो आणि त्याच्या मामापासून मुकादमापर्यंत सगळ्यांचे फोन वाजायला लागतात. एखाद्या मुलीच्या नावानं कुणीतरी खोटं प्रोफाइल उघडतं. अशा वेळी आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो ‘कुणी ओळखीचं आहे का पाहा’ हाच. ओळखीनं एखादं काम होतंही. पण ज्याची कुणाशी ओळख नाही, त्यानं काय करायचं?

त्याच्यासाठी कायद्यात दारं बरीच आहेत. माणूस अडकतो तो बहुतेक वेळा तोंडी बोलल्यामुळं, चुकीच्या खिडकीवर गेल्यामुळं किंवा मुदत हुकल्यामुळं. म्हणून इथं तत्त्वांपेक्षा अर्ज, कलमं आणि मुदती यांबद्दलच लिहितो आहे. पाया एकच सांगून ठेवतो. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. अर्जात त्याचा एका ओळीत उल्लेख जरूर करा, पण अर्ज त्याच्यावर उभा करू नका. खिडकीपलीकडचा माणूस हलतो तो नेमकं कलम, परिपत्रकाची तारीख आणि व्यवहार क्रमांक पाहून.

सुरुवात पुराव्यापासून, कारण तो सगळ्यात आधी हातचा जातो. धमकीचा मेसेज आला की लोक घाबरून तो डिलीट करतात, नंबर ब्लॉक करतात, ॲप काढून टाकतात आणि मग पोलीस ठाण्यात ‘असं असं लिहिलं होतं’ म्हणून सांगतात. ब्लॉक करायला हरकत नाही, पण आधी साठवा. स्क्रीनशॉट पूर्ण स्क्रीनचा घ्या. वरची वेळ, पाठवणाऱ्याचा नंबर आणि तारीख त्यात आली पाहिजे. नाव सेव्ह केलेलं असेल तर ते उघडून आतला नंबर दिसेल असा दुसरा स्क्रीनशॉट घ्या, कारण ‘राजू भाऊ’ या नावाला पुराव्यात काही किंमत नसते. व्हॉट्सॲपवरचं पूर्ण संभाषण एक्स्पोर्ट चॅटमधून, फोटोंसह बाहेर काढा. वेबपानाचा पुरावा असेल तर पत्त्याची पट्टी दिसायला हवी. पान सार्वजनिक असेल तर वेबॅक मशीन या वेबपानं जतन करणाऱ्या साइटवर त्याची प्रत साठवा, म्हणजे समोरच्यानं मजकूर काढला तरी तारखेसह नोंद राहते. ईमेल असेल तर तो फॉरवर्ड करू नका. जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’वर जाऊन मूळ फाइल उतरवून घ्या. मेल कोणत्या सर्व्हरवरून आला हे त्यातच असतं, आणि फॉरवर्ड केल्यावर ती माहिती निघून जाते.

फोटो आणि व्हिडिओ व्हॉट्सॲपवरून वकिलाला पाठवले की ते आकसतात आणि त्यांच्यातली मूळ माहिती जाते. पाठवायचेच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. आणि ज्या फोनवर मेसेज आला तो फोन विकू नका, रिसेट करू नका. हा मुद्दा किती महत्त्वाचा आहे ते आपल्याच राज्यातल्या एका खटल्यानं दाखवून दिलं आहे. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात वाद झाला. त्यात १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करायची तर सोबत प्रमाणपत्र लागतंच. मूळ यंत्रच न्यायालयात हजर केलं तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४ पासून हे प्रमाणपत्र भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली, दोन भागांत द्यावं लागतं. एक भाग नोंद सादर करणाऱ्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. दोन्हींत फाइलचा हॅश लिहायचा असतो.

हॅश म्हणजे फाइलमधून गणितानं काढलेली खूण. फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी ती खूण पार बदलते. ती काढणं अवघड नाही. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाइलहॅश’ ही आज्ञा देऊन पुढं फाइलचा मार्ग लिहायचा, की ६४ अक्षरी शा-२५६ हॅश समोर येतो. तो तारखेसह लिहून ठेवा, स्वतःलाच ईमेल करा, आणि मूळ फाइल पेन ड्राइव्हवर वेगळी ठेवून तिला हात लावू नका. पाहण्यासाठी, छापण्यासाठी कॉपी वापरा. वर्ष-दोन वर्षांनी ‘हे एडिट केलेलं आहे’ असं समोरचा वकील म्हणाला की हीच ६४ अक्षरं उपयोगी पडतात.

आता गोठलेल्या खात्याकडे येतो. कळमन्यातला अडत्या असो की गोकुळपेठेतला चहावाला, हा प्रश्न सगळ्यात जास्त छळतो आणि यावर चुकीचे सल्लेही सगळ्यात जास्त मिळतात. आधी यंत्रणा समजून घ्या. फसवला गेलेला माणूस १९३० या सायबर मदतक्रमांकावर फोन करतो किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करतो. त्याचा पैसा ज्या ज्या खात्यांतून पुढं गेला, त्या प्रत्येक बँकेला ती रक्कम अडवायची सूचना जाते. पहिलं खातं, त्यातून दुसरं, तिसरं, असे थर पडतात. तिसऱ्या-चौथ्या थरात बहुधा साधे दुकानदार असतात, ज्यांनी माल दिला आणि पैसे घेतले. कायद्यातला आधार म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०६, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०२. बँक खातं ही या कलमाखाली जप्त करता येणारी मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्येच तापस नियोगी खटल्यात ठरवलं आहे. म्हणून ‘पोलिसांना अधिकारच नाही’ एवढ्या एकाच वादावर विसंबू नका. तुमच्या बाजूचा मुद्दा त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात आहे: जप्तीची माहिती दंडाधिकाऱ्यांना ताबडतोब कळवली पाहिजे. ती कळवली का, कधी, आणि कोणत्या न्यायालयाला, हा प्रश्न लेखी विचारायचा. त्याचं उत्तर अनेकदा नसतं, आणि तेच पुढं तुमच्या कामी येतं.

शाखेत गेल्यावर ‘अकाउंट फ्रीज आहे, सायबरकडून आलंय’ एवढंच कानावर येईल. तेवढ्यावर परत फिरू नका. कागदावर अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या, आणि पुढच्या गोष्टी मागा: संपूर्ण खातं अडवलं आहे की ठरावीक रकमेवर लिएन, म्हणजे तेवढ्यापुरती अडवणूक, आहे, रक्कम किती, पोर्टलवरच्या तक्रारीचा पोचक्रमांक, कोणत्या राज्यातलं कोणतं पोलीस ठाणं, त्या अधिकाऱ्याचा अधिकृत ईमेल, आणि वादातल्या व्यवहाराचा क्रमांक. यूपीआयचा हा क्रमांक १२ अंकी असतो. तो मिळाला की निम्मं काम झालं, कारण आता तुम्ही नेमकं सांगू शकता की हे चारशे रुपये अमुक दिवशी, अमुक मालाचे आले. बिल असेल तर बिल. बिल नसेल तर त्या दिवसाची विक्रीवही, पुरवठादाराकडून माल घेतल्याची पावती, गिऱ्हाइकाशी झालेलं व्हॉट्सॲपवरचं बोलणं. छोट्या दुकानदाराकडे जीएसटीचं बिल नसणं हा गुन्हा नाही, आणि घाबरून मागच्या तारखेचं बिल तयार करणं मात्र जिवावर बेतू शकतं. ते कधीच करू नका.

तपास अधिकाऱ्याला ईमेल पाठवा आणि तोच मजकूर स्पीड पोस्टनंही पाठवा. विषयाच्या ओळीत तक्रारीचा पोचक्रमांक आणि खात्याचे शेवटचे चार अंक लिहा, तिथले लोक रोज अशी शेकडो पत्रं बघतात. सोबत त्या महिन्याचं पूर्ण खातेपत्रक जोडा. निवडक पानं जोडली की ‘बाकीची का लपवली’ हा प्रश्न येतो. मागणी एकाच वाक्यात असावी: वादातली रक्कम सोडून बाकीचं खातं मोकळं करावं. या मागणीला आधार आहे. केरळ उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये अशाच प्रकरणांत अडवणूक पोलिसांनी कळवलेल्या रकमेपुरतीच ठेवा, असं बँकांना सांगितलं. चारशे रुपयांसाठी दोन लाखांचं खेळतं भांडवल बंद ठेवणं हा अन्याय आहे, आणि तो तसाच, न चिडता, आकड्यांसह मांडायचा.

याच टप्प्यावर फोन येतात. ‘मी सायबर सेलमधून बोलतोय, तक्रारदाराला रक्कम परत करा, खातं खोलून देतो.’ कुणालाही वैयक्तिक यूपीआयवर पैसे पाठवू नका. खरी तडजोड करायची असली तरी ती अधिकाऱ्याच्या अधिकृत ईमेलवरून, लेखी नोंदीसह आणि बँकेमार्फत होते. असे पैसे दिलेल्याचं खातं गोठलेलंच राहतं, पैसे जातात ते वेगळेच.

उत्तर आलं नाही तर दोन रस्ते आहेत. ज्या न्यायालयाच्या हद्दीत ते पोलीस ठाणं आहे तिथं त्याच संहितेच्या कलम ५०३ खाली मालमत्ता परत मिळण्याचा अर्ज करता येतो. परराज्यातलं ठाणं असेल तर हा रस्ता लांबचा. दुसरा रस्ता सिव्हिल लाइन्समधल्या उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिकेचा. घटनेच्या अनुच्छेद २२६ (२) प्रमाणे दाव्याचं कारण अंशतः इथं घडलं असेल तरी हे न्यायालय दाद देऊ शकतं, आणि तुमची शाखा व तुमचा धंदा नागपुरातच आहे. वकिलाकडे जाताना वरचे सगळे अर्ज, पोचपावत्या आणि ईमेल तारखेच्या क्रमानं लावून न्या. लेखी मागितलंच नव्हतं अशी फाइल घेऊन गेलात तर न्यायालय बहुधा ‘आधी निवेदन द्या’ असं सांगून परत पाठवतं, आणि महिने वाया जातात. दरम्यान ज्यांचे हप्ते त्या खात्यातून आपोआप कटतात, त्या कर्जदात्यांना खातं अडवल्याचं पत्राची प्रत जोडून कळवा. हप्ता परत गेला की क्रेडिट स्कोअर घसरतो, आणि नंतर तो दुरुस्त करून घेणं हे खातं सोडवण्याइतकंच जिकिरीचं काम आहे.

तुमचेच पैसे गेले असतील तर सगळं उलट, तिथं मिनिटं मोजायची. १९३० आधी, मग बँक, मग बाकीचं. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक तुमची नाही आणि बँकेचीही नाही, यंत्रणेत कुठंतरी तिसऱ्याची आहे, अशा व्यवहारात बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर जबाबदारी शून्य. चार ते सात कामकाजाचे दिवस लावले तर ती मर्यादित, साध्या बचत खात्याला १०,००० रुपयांपर्यंत. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेनं रक्कम तात्पुरती जमा करायची असते, आणि चूक ग्राहकाची आहे हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर असतं. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. म्हणून तक्रारीची वेळ नोंदवलेला मेसेज किंवा ईमेल जपून ठेवा. बँकेनं ३० दिवसांत समाधान केलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठी संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत खेटे घालायची गरज नाही, तक्रार सीएमएस पोर्टलवर ऑनलाइन होते.

कर्जाच्या ॲपचं दुखणं वेगळं आहे, कारण तिथं आधी शरम येते. पैसे घेतले हे खरं, मग तोंड कसं वर करायचं, असं वाटतं. घेतलेलं कर्ज फेडायचं आहेच. पण त्यासाठी तुमची संपर्कयादी कुणाला मिळायला हवी असं कुठल्याच कायद्यात नाही. उलट रिझर्व्ह बँकेनं २ सप्टेंबर २०२२ ला काढलेल्या आणि ८ मे २०२५ ला नव्यानं बांधलेल्या डिजिटल कर्जाच्या नियमांत कर्जाच्या ॲपला फोनमधली संपर्कयादी, कॉलची नोंद, फोटो-फाइली बघायला मनाई आहे. कॅमेरा, माइक, ठिकाण यांची परवानगी ओळखपडताळणीपुरती, एकदाच आणि तुमच्या संमतीनं. वसुलीचे फोनही सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचे नाहीत.

सेटिंगमध्ये ॲपच्या परवानग्यांत जाऊन कॉन्टॅक्ट्सची परवानगी आजच काढा. मात्र ॲप काढून टाकण्याआधी कर्जाचा करार, मुख्य माहितीपत्रक, जमा झालेली रक्कम आणि परतफेडीचा तक्ता यांचे स्क्रीनशॉट घ्या. ॲप काढल्यानं आधीच वर गेलेली यादी पुसली जात नाही. हातातला पुरावा तेवढा जातो. मुख्य माहितीपत्रकात कर्ज देणाऱ्या बँकेचं किंवा वित्त कंपनीचं नाव असतं. तक्रार ॲपच्या चॅटवर करू नका, त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी करा आणि ३० दिवसांनी लोकपालाकडे जा. माहितीपत्रकात असं नावच नसेल किंवा असं पत्रकच नसेल, तर समोर नोंदणीकृत कर्जदाता नाही, खंडणीखोर आहे असं समजा. मग रिझर्व्ह बँकेच्या सचेत पोर्टलवर नोंद करा आणि पोलिसांत जा. धमकावून पैसे उकळणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ मध्ये येतं, धमकी कलम ३५१ मध्ये, आणि फोटो बदलून अश्लील केले असतील तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७. नातेवाइकांना मात्र आधीच एक मेसेज पाठवा: ‘माझ्या नावानं फोन आला तर उत्तर देऊ नका, नंबर आणि वेळ मला कळवा.’ बदनामीची धार तिथंच बोथट होते, आणि प्रत्येक नातेवाईक साक्षीदार होतो.

पोलीस ठाण्यात ‘हे सायबरकडे न्या’ किंवा ‘हद्द आमची नाही’ असं सांगितलं तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न बघता नोंदवून घ्यावी लागते. तरीही नकार मिळाला तर त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमानुसार माहिती लेखी स्वरूपात टपालानं वरिष्ठांना पाठवायची, आणि तिथंही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. नागपूर आयुक्तालय असल्यामुळं हे पत्र तुमच्या परिमंडळाच्या उपायुक्तांच्या नावे जातं. टपालाची पावती फाइलला लावा. दंडाधिकाऱ्यांपुढं तीच पहिल्यांदा पाहिली जाते.

खोटं प्रोफाइल किंवा खासगी फोटो पसरवणं, यात पोलीस आणि प्लॅटफॉर्म अशी दोन कामं एकाच वेळी चालवावी लागतात. प्लॅटफॉर्मवर नुसतं ‘रिपोर्ट’चं बटण दाबून गप्प बसू नका, ते बहुतेक वेळा यंत्रच वाचतं. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार प्रत्येक प्लॅटफॉर्मला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याचं नाव आणि पत्ता त्यांच्या साइटवर असतो. त्यानं २४ तासांत पोच द्यायची असते. निकालासाठी मूळ नियमात १५ दिवस होते, आणि नग्न फोटो किंवा तुमच्या रूपाची नक्कल असेल तर २४ तास. नंतरच्या दुरुस्त्यांनी मुदती आणखी आखडल्या आहेत, तेव्हा यापेक्षा जास्त थांबायचं कारण नाही. तक्रारीत प्रोफाइलचं नाव देऊन भागत नाही, कारण नाव क्षणात बदलता येतं. प्रत्येक पोस्टची स्वतंत्र लिंक द्या, तुमचं ओळखपत्र जोडा आणि हे नियम ३ (२) (ख) खाली येतं असं लिहा. नकार आला तर ३० दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे अपील करायचं. २०२३ पासून हे सगळं ऑनलाइन चालतं. खासगी फोटो अजून पसरले नसतील पण पसरण्याची भीती असेल, तर स्टॉप-एनसीआयआय ही सेवा वापरा. ती तुमच्या फोनवरच फोटोचा हॅश काढते आणि फक्त हॅश सहभागी कंपन्यांना देते, फोटो फोनबाहेर जात नाही. ही अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे. लहान मुलांसाठी ‘टेक इट डाउन’ नावाची वेगळी सेवा आहे.

मुलींच्या घरच्यांना एक कळकळीनं सांगतो. अशा वेळी तिचा फोन काढून घेऊ नका. पुरावा त्यातच आहे, आणि गुन्हा तिनं केलेला नाही.

बोलण्याच्या हक्काबद्दल थोडक्यात, कारण इथं अफवा फार आहेत. फेसबुक पोस्टवरून २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली, त्यातून याचिका उभी राहिली आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ रद्द केलं. कुठल्या नोटिशीत आजही ते कलम दिसलं तर उत्तरात निकालाची तारीख लिहा. व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनला सदस्यानं टाकलेल्या मजकुरासाठी आपोआप गुन्हेगार धरता येत नाही, त्याचाही त्यात सहभाग किंवा संगनमत असावं लागतं, हे २०२१ मध्ये आपल्याच नागपूर खंडपीठानं गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितलं आहे. आणि केंद्र सरकारचा विभागच सरकारबद्दलचं काय खोटं ते ठरवेल, ही २०२३ ची तरतूद मुंबई उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये रद्द केली. तिथं दोन न्यायाधीशांत मतभेद झाल्यावर निर्णायक मत दिलं ते न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी, ज्यांची वकिलीची बरीच वर्षं नागपुरात गेली. आपल्या शहराला याचा अभिमान वाटायला हवा.

आधारची झेरॉक्स जिथं तिथं देणं थांबवा. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर सिम, बँक खातं किंवा शाळाप्रवेश यांसाठी आधारची सक्ती करता येत नाही. पॅन आणि सरकारी अनुदानाच्या योजना यांची गोष्ट वेगळी. सीताबर्डीच्या लॉजवर किंवा क्लासमध्ये ओळख दाखवायचीच असेल तर शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार उतरवून द्या. फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मवर्ष. कागदी प्रत दिली तर तिच्यावर आडवं लिहा: कशासाठी दिली, कुणाला, तारीख. बोटांचे ठसे आधारच्या मोबाइल ॲपवर लॉक करता येतात, आणि अंगठा वापरून खात्यातून पैसे काढण्याच्या फसवणुकीवर तो चांगला उपाय आहे. फक्त घरात सांगून ठेवा, नाहीतर रेशन दुकानात आजीचा अंगठा लागत नाही आणि तिला रिकाम्या पिशवीनं परत यावं लागतं. जाण्याआधी तात्पुरतं अनलॉक करता येतं. मॉलमधल्या काउंटरवर मोबाइल नंबरशिवाय बिल नाही म्हणाले तर ग्राहक मंत्रालयाच्या मे २०२३ च्या सूचनेची आठवण द्या आणि १९१५ वर नोंदवा.

सध्या एक चूक खूप दिसते. लोक कंपन्यांना डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची कलमं लावून पत्रं पाठवतात. कायदा ऑगस्ट २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ चे, पण माहिती पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा, पुसून घेण्याचा हक्क देणाऱ्या मुख्य तरतुदी नियमांनंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. तोवर कंपनीचा वकील दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा होतो. तोपर्यंत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३-अ वापरा. निष्काळजीपणानं संवेदनशील माहिती फुटून नुकसान झालं तर भरपाईचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांपुढं, न्यायनिर्णय अधिकारी म्हणून, पाच कोटींपर्यंत चालतो.

शेवटी कॅमेऱ्यांबद्दल. शहरभर चौकाचौकांत कॅमेरे आहेत, आणि पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं बनवणारी मार्व्हल ही राज्य सरकारची कंपनी २०२४ मध्ये नागपुरातच, आयआयएम नागपूरच्या सहभागानं सुरू झाली. गुन्हे शोधायला याचा उपयोग आहे हे मान्य. पण चेहरा ओळखणारी यंत्रणा असेल तर ती कोणत्या नियमानं चालते हे नागरिकाला कळलंच पाहिजे. माहिती अधिकाराचा अर्ज त्यासाठीच आहे. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत हवा, शुल्क दहा रुपये. ‘का’ विचारू नका, कारण नोंदीत असलेलीच माहिती मिळते. प्रती मागा: फुटेज किती दिवस ठेवायचं हे ठरवणारा आदेश, ते पाहण्याचा अधिकार कुणाला आहे त्याची यादी पदनामांनुसार, सॉफ्टवेअरच्या खरेदीचा करार, अचूकतेच्या चाचणीचा अहवाल. कुणा व्यक्तीची माहिती मागू नका. नोव्हेंबर २०२५ पासून कलम ८ (१) (ञ) बदललं आहे आणि वैयक्तिक माहिती म्हटलं की नकार सोपा झाला आहे. सार्वजनिक हिताचं कलम ८ (२) मात्र शाबूत आहे, अपिलात ते जरूर घ्या. ‘तपासात अडथळा येईल’ असं उत्तर आलं तर तो कसा येईल हे दाखवायची जबाबदारी त्यांची आहे, दिल्ली उच्च न्यायालयानं २००७ मध्ये भगतसिंग खटल्यात तेच सांगितलं. ३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत वीस रुपयांचं पहिलं अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे दुसरं.

तुम्हाला स्वतःच्या प्रकरणासाठी फुटेज हवं असेल तर मात्र अर्ज आजच द्या, आणि त्यात पहिली मागणी ‘फुटेज जपून ठेवावं’ ही असू द्या. कॅमेऱ्याची नोंद काही दिवसांनी स्वतःवरच पुन्हा लिहिली जाते. पोलीस ठाण्याच्या आतल्या कॅमेऱ्यांसाठी मुदत मोठी आहे. २ डिसेंबर २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार ती १८ महिने, आणि ते शक्यच नसेल तर किमान एक वर्ष. पोलिसांनी तुमचा फोन ताब्यात घेतला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे जप्तीचं चित्रीकरण व्हायला हवं. जप्तीच्या यादीची प्रत मागा, तिच्यात आयएमईआय क्रमांक आणि शक्य असेल तर हॅश लिहून घ्या. पासवर्ड द्यावाच लागतो का यावर न्यायालयांत एकमत नाही, तो प्रश्न वकिलाला विचारून ठरवा. फोनमधलं काही पुसू मात्र नका, पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे.

वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींमधल्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाताना अर्जांच्या शिक्का असलेल्या प्रती, टपालाच्या पावत्या आणि पेन ड्राइव्ह बरोबर असू द्या.